विद्यार्थ्यांची यंत्ररचना : बक्षीस कशाला द्यावे?



कापसाची वेचणी निम्म्यावर आली आणि सकाळच्या शाळेत पोरे स्वेटर घालून येऊ लागली, की आमच्या खानदेशातल्या हायस्कुलांत एक निराळीच धांदल सुरू होते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे पत्र येऊन पडलेले असते. हेडमास्तर विज्ञानाच्या शिक्षकांना बोलावून घेतात आणि म्हणतात, "गुरुजी, यंदा नंबर आला पाहिजे बरं का." गुरुजी नववीच्या वर्गातली दोन हुशार मुले बाजूला काढतात. मुले घरी जाऊन वडिलांना सांगतात. वडील थर्मोकोलच्या दुकानात जातात. आणि आठ-दहा दिवसांनी शाळेच्या टेबलावर एक सुरेख धरण उभे राहते. निळे पाणी, हिरव्या रंगाचा भुसा, बटण दाबले की लुकलुकणारे दिवे. पाहणारा म्हणतो, वा!

मीही पुष्कळ वर्षे 'वा' म्हणत आलो. जळगाव जिल्ह्यात तीसएक वर्षे मी विज्ञान शिकवले, आणि त्यांतली बरीच वर्षे या ना त्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून कागद-पेन्सिल घेऊन फिरलो. तेव्हा आज मी जे बोलणार आहे ते कोणाला नावे ठेवण्यासाठी नाही. ज्या चुकीविषयी बोलायचे ती माझ्याच हातची आहे. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

एका प्रदर्शनात केळीच्या पट्ट्यातल्या एका लहान गावची, नववीतली एक मुलगी आली होती. तिचे टेबल अगदी कोपऱ्यात, खिडकीखाली. टेबलावर लोखंडाची एक ओबडधोबड चौकट ठेवलेली. जुन्या सायकलचे कॅरिअर, त्याला गोणपाटाचे दोन पट्टे, आणि आतल्या बाजूने जुन्या गोधडीचा तुकडा दाभणाने शिवलेला. मी विचारले, "हे काय?" ती म्हणाली, "सर, केळीचा घड पाठीवर न्यायची खुर्ची."

केळीच्या मुलखातल्या श्रोत्यांना घडाची गोष्ट सांगायला नको. पण धुळ्याकडच्या, नंदुरबारकडच्या मंडळींसाठी सांगतो. घड कापला की तो बागेतून गाडीपर्यंत माणसाच्या डोक्यावरून नाहीतर खांद्यावरून जातो. बागेत ओल असते, पाय घसरतो, ठिबकच्या नळ्या पायांत येतात. घडाला चीक असतो, तो अंगावर, कपड्यांवर पडतो आणि त्याचा डाग जन्मात निघत नाही. आणि घड कुठे घासला, दबला, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग उमटतो, आणि व्यापारी त्या डागाकडे बोट दाखवून भाव पाडतो. या मुलीची आई हेच काम करीत असे.

मुलीजवळ एक वही होती. तिने ती माझ्यापुढे धरली. पहिली चौकट बांबूची केली होती, ती आठव्या खेपेला मोडली. दुसरी लोखंडी पट्ट्यांची केली, ती इतकी जड झाली की आईने एका खेपेतच खाली टाकली. ही तिसरी. घडाचे वजन किती, पावले किती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती केळ्यांवर डाग दिसले, असे तीन रकाने तिने आखले होते. मी दोन पाने उलटली आणि वही परत दिली. मी विचारले, "अगं, याला रंग तरी द्यायचा होतास." ती म्हणाली, "रंग ओला राहिला तर घडाला लागतो, सर."

मी माझ्या कागदावर लिहिले, सादरीकरण दहापैकी तीन. पहिला नंबर धरणाला दिला.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका तालुक्यात तेच धरण मला पुन्हा भेटले. तसे नव्हे, तेच. तोच हिरवा भुसा, तेच दिवे, आणि फळीच्या कडेला शाळेच्या नावाची पट्टी चिकटवलेली, जिच्याखालून दुकानाच्या किमतीची चिठ्ठी अर्धी बाहेर आलेली. अशी धरणे शहरात तयार मिळतात, हे मला त्या दिवशी कळले. मी त्या मुलाला विचारले, "बाळ, पाणी किती उंचीवरून खाली येतंय?" मुलगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "सर, ते पाठ केलं नाही."

त्या मुलीचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी त्या शाळेच्या यादीत तिचे नाव नव्हते.

आता मुद्द्याकडे वळतो. प्रतिकृती करणे आणि रचना करणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण आपल्या स्पर्धांत त्यांची सरमिसळ करतो. प्रतिकृती म्हणजे जे आहे ते लहान करून दाखवणे. त्यात हाताचे कसब लागते, ते काही कमी नाही. पण रचना म्हणजे एखादी अडचण पुढ्यात ठेवायची, आपल्याजवळ पैसा किती, साहित्य काय, वेळ किती हे आधी मान्य करायचे, आणि तेवढ्यात बसेल असा तोडगा काढून तो मोजून पाहायचा. इंजिनिअरिंग इंजिनिअरिंग म्हणतात ते मुळात एवढेच. मोठाले यंत्र हा त्याचा पुढचा भाग.

ही सरमिसळ आपणच करतो असे नाही. अमेरिकेत जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या फिशर बॉडी नावाच्या विभागाने १९३० साली शाळकरी मुलांसाठी एक मोठी स्पर्धा सुरू केली. बक्षीस होते विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती. पण काम काय, तर नेपोलियनच्या काळातल्या राजेशाही घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती करायची! मुलांनी महिनेच्या महिने खपून बारीक नक्षी कोरली, कापड शिवले, चाके घडवली. काही वर्षांनी, १९३७ पासून, स्पर्धेत आणखी एक वाट उघडली. मुलाने आपल्या कल्पनेतली मोटार स्वतः आखावी आणि तिचा नमुना करावा. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली, आणि त्यातली काही मुले पुढे मोटारींची आखणी करणाऱ्या धंद्यातच गेली. घोडागाडी कोरणाऱ्या मुलाचा हात तयार झाला असेल, यात शंका नाही. पण मोटार आखणाऱ्या मुलाला 'का' आणि 'कशासाठी' विचारावे लागले. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ही स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. एवढी मोठी कंपनी, पण निम्मी शाळा तिला दिसली नाही.

स्पर्धेच्या अटी कशा असाव्यात, याचे उत्तम उदाहरण मात्र आपल्याच देशातले आहे. ते हायस्कुलाचे नाही, मोठ्या माणसांचे आहे. पण शिक्षकांनी ते जरूर लक्षात ठेवावे. १९२९ साली महात्मा गांधींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केले. रक्कम किती, तर एक लाख रुपये! त्या काळचे लाख रुपये. काम असे की सुधारलेला चरखा करून दाखवायचा. आता अटी ऐका. चरखा हलका आणि इकडून तिकडे नेता येण्याजोगा हवा. खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. बाईमाणसाने आठ तास चालवला तरी तिला फारसे श्रम पडता कामा नयेत, आणि त्या आठ तासांत बारा ते वीस नंबरचे सोळा हजार वार सूत निघाले पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये. वीस वर्षे टिकला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा पाचच्या वर नको.

पाहा, यात कुठे 'आकर्षक' हा शब्द आहे का? 'नावीन्यपूर्ण' आहे का? कोण चालवणार, कुठे चालवणार, किती तास, किती सूत, किती पैसे, किती वर्षे. एवढेच आहे, आणि सगळे मोजता येण्याजोगे आहे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ज्या बाईच्या हातात तो चरखा जायचा आहे, तिचे श्रम अटींतच लिहिलेले आहेत. माझ्या त्या गुणपत्रकावर त्या मुलीच्या आईच्या पाठीसाठी एकही रकाना नव्हता.

या स्पर्धेत आपल्या महाराष्ट्रातून किर्लोस्करवाडीचे गणेश भास्कर काळे यांनी चरखा केला आणि तो परीक्षेला लावला. परीक्षकांनी तो पाहिला, चालवला, आणि सर्व अटी पुऱ्या होत नाहीत असा निर्णय दिला. लाखाचे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. कोणी म्हणेल, म्हणजे स्पर्धा फुकट गेली. मला तसे वाटत नाही. बक्षीस न देण्याची हिंमत असलेली स्पर्धा मी तरी दुसरी पाहिली नाही. आमच्याकडे तीन टेबले असली तरी पहिला, दुसरा, तिसरा निघतोच! पुढे स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूतल्या एकांबरनाथ यांचा चरखा आला, तोच अंबर चरखा या नावाने देशभर गेला. मागच्यांचे कुठे अडले हे कोणीतरी लिहून ठेवलेले असले, की पुढच्याला तिथून पाऊल टाकता येते.

चरख्याचा विषय निघाला म्हणून एक आठवण करून देतो. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले. तिथला मंडप आणि कमानी नंदलाल बोस यांनी आखल्या. गांधीजींचा आग्रह असा, की जवळपास मिळणारेच साहित्य वापरायचे. म्हणून बांबू आला, चटया आल्या. 'जवळ आहे त्यातून करा' हीसुद्धा एक अटच, आणि चांगली अट माणसाची बुद्धी अडवत नाही, उलट तिला कामाला लावते.

आता धुळ्याकडे येतो. साक्री तालुक्यातल्या श्रोत्यांना पांझरेचे फड माहीत आहेत. नदीला लहान बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर शेकडो एकरांचे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे म्हणजे पाण्याचा हिशेब सोपा. शेकडो वर्षे ही पद्धत चालत आली. पाणी कोणाच्या शेतात आधी आणि किती वेळ, हे पाटकरी पाहणार आणि गाव ते मानणार. याला इंजिनिअरिंग म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

याच पांझरेवर १८८४ साली एक तरुण इंजिनिअर आला होता. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकताच लागलेला, वय तेवीस-चोवीस. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन पाळू लागले, तेच हे. त्यांच्याकडे काम आले ते दातर्ती गावाजवळ पाटाचे पाणी नळातून पलीकडे नेण्याचे, म्हणजे सायफन बसवण्याचे. गवंडी भिंतीची पातळी पाहायला पाण्याने भरलेली नळी वापरतो, ती सगळ्यांनी पाहिली असेल. नळी मध्ये कितीही खाली लोंबली तरी दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीला येते. इथे तेच. पाटाचे पाणी एका काठाला नळात उतरवायचे, तळाखालून न्यायचे, आणि दुसऱ्या काठाला आपोआप वर येऊ द्यायचे. कागदावर सोपे. पण पावसाळा लागला, पूर आला, वाळू येऊन बसू लागली. तरुण इंजिनिअराने वरिष्ठांना लिहिले की काम पावसाळ्यानंतर करू द्यावे. वरिष्ठांचे उत्तर कडक आले. तेव्हा त्यांनी तिथेच राहून ते पुरे केले. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. एवढी धरणे, एवढे कारखाने ज्यांच्या नावावर, त्या माणसाला आयुष्याच्या शेवटीही खानदेशातली ती वाळू आठवत होती.

मी मुलांना ही गोष्ट सांगत असे तेव्हा एक पोरगा हमखास विचारी, "सर, मग त्यांचंही काम अडलं होतं?" हो बाबा, अडले होते. आणि कशाने अडले ते लिहून ठेवले म्हणून तर तू आज ऐकतोस.

हल्ली मुलांसाठी सरकारी सोय कमी नाही, हेही सांगितले पाहिजे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००९-१० पासून 'इन्स्पायर' योजना सुरू केली, तिचे आताचे रूप म्हणजे 'इन्स्पायर-मानक'. शाळेने मुलांच्या कल्पना कळवायच्या, निवडलेल्या मुलाच्या नावे नमुना तयार करायला दहा हजार रुपये येतात, आणि मग जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्या. ही योजना सुरू झाली ती सहावी ते दहावीच्या मुलांसाठी. २०१६ पासून 'अटल टिंकरिंग लॅब' नावाच्या कार्यशाळा शाळांतून निघाल्या, त्यांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. तिथे विजेची छोटी यंत्रे, प्लॅस्टिकच्या वस्तू थरावर थर देऊन घडवणारे छापयंत्र, असे पुष्कळ सामान असते. त्याआधी १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आहे, तिचा भर तर आपल्या गावचा प्रश्न घेण्यावरच आहे.

पैसा आला, सामान आले. पण दहा हजार रुपये हातात येताच ते कुठे जातात, हे शिक्षकांना मी सांगायला नको. सुतार, वेल्डिंगवाला, नाहीतर शहरातला तयार माल विकणारा. मूल शेवटच्या दिवशी येऊन बटण दाबायला शिकते. माझी शिक्षक बंधू-भगिनींना एक सूचना आहे. त्या पैशांतला निम्मा तरी मोडण्यासाठी राखून ठेवावा. पहिला नमुना मोडणारच असे धरून चालावे, आणि दुसऱ्याचे, तिसऱ्याचे सामान त्यातून घ्यावे. परीक्षकांनी तर मोडलेला नमुनाही टेबलावर मांडायला लावावा. धरणवाल्या मुलाजवळ मोडलेले धरण असूच शकत नाही. खऱ्या-खोट्याची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट सामानाची. श्रीमंत शाळेचे टेबल आणि गरीब शाळेचे टेबल शेजारी शेजारी लावून आपण गुण देतो, हे काही न्यायाचे नाही. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत वुडी फ्लॉवर्स नावाच्या प्राध्यापकांनी १९७०च्या सुमारास विद्यार्थ्यांना एक गंमत लावून दिली. प्रत्येकाला एकसारख्या सटरफटर सामानाची पेटी द्यायची, सगळ्यांना एकच काम सांगायचे, आणि शेवटी सगळ्यांची यंत्रे सर्वांसमोर एकमेकांविरुद्ध चालवायची. त्याच फ्लॉवर्स यांच्या साथीने डीन केमेन यांनी पुढे हायस्कुलाच्या मुलांसाठी यंत्रमानवांची स्पर्धा काढली. १९९२ साली पहिल्या खेपेला अठ्ठावीस तुकड्या आल्या होत्या, आज जगभरातून हजारो येतात. यंत्रमानव राहू द्या बाजूला. त्यातली पेटी मात्र घेण्यासारखी आहे. पेटी सारखी असली की बापाच्या खिशाचा प्रश्नच मिटतो.

ती पेटी मी उचलली. नोकरीची शेवटची तीन वर्षे आमच्या शाळेत आम्ही एक लहानशी स्पर्धा घेतली. कोपऱ्यातले ते टेबल माझ्या मनातून गेले नव्हते, म्हणून काम तेच ठेवले, फक्त घडाऐवजी एक फणी. चार-चार मुलांच्या तुकड्या केल्या, मुलगे-मुली मिसळून. प्रत्येक तुकडीला बांबूच्या चार कामट्या, तीन मीटर सुतळी, सायकलची एक फुटकी ट्यूब, एक गोणपाट आणि दोन जुनी वर्तमानपत्रे. दोन तास वेळ. शाळेमागच्या नांगरलेल्या वावरातून शंभर पावले, मध्ये एक बांध आणि एक पाट. हिरवी, तयार फणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची. हाताने केळ्याला धरायचे नाही. खर्च म्हणाल तर फण्या बागाईतदार पालकांनी आनंदाने दिल्या, बाकीचे सामान मुलांनी गावातून गोळा केले.

गावातले दोघे-चौघे बांधावर येऊन बसले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी, ते मूळचे साक्रीकडचे, मला विचारले, "हाई काय कामनं शे, गुरुजी?" मी म्हटले, बाबा, उद्या सकाळी या, म्हणजे सांगतो.

कारण निकाल त्या दिवशी लावायचाच नव्हता. केळ्याचा मार दुसऱ्या दिवशी दिसतो. फण्या रात्रभर वर्गाच्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावले. सकाळी प्रार्थनेआधीच कपाटासमोर सगळी शाळा! सगळ्यांत आधी पोहोचलेल्या आणि टाळ्या मिळवलेल्या तुकडीच्या फणीवर अकरा डाग निघाले. सगळ्यांत शेवटी, डुलत डुलत आलेल्या तुकडीच्या फणीवर एक. त्या तुकडीने ट्यूब कापून तिची झोळी केली होती आणि फणी कामट्यांना टांगली होती, म्हणजे चालताना ती आपटत नव्हती, झुलत होती. पहिल्या तुकडीतला मुलगा मात्र ऐकेना. "सर, हे डाग आधीपासूनच होते!" तो खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. कोणी पाहिलेच नव्हते. साक्रीकडचे बाबा आले होते. त्यांनी अकरा डागांची फणी हातात घेऊन निरखून पाहिली आणि एवढेच म्हणाले, आमच्याकडे कांद्याचंही असंच होतं.

त्या भांडणातून पुढच्या वर्षी नियम झाला. निघण्याआधी समोरच्या तुकडीने फणी तपासायची, असतील त्या डागांभोवती खडूने खूण करायची आणि वहीत सही करायची. गुणही मुलांशी बोलूनच ठरवले. निम्मे गुण नव्या डागांच्या मोजणीला. थोडे वजनाला, म्हणजे वाहण्याचे साधन जितके हलके तितके चांगले. थोडे वेळेला. आणि बाकीचे सगळे वहीला, आधी काय केले, ते कुठे फसले आणि मग काय बदलले यासाठी. अक्षर कसे आहे ते पाहायचे नाही, आणि रंगालाही गुण नाहीत.

तिसऱ्या वर्षी एका मुलीने निराळाच प्रश्न काढला. फणी केळीच्या पानात गुंडाळली तर चालेल का? दुसऱ्या तुकड्या ओरडल्या, पान सामानाच्या यादीत नाही. ती म्हणाली, यादीत नाही, पण वावराला लागून बागच आहे, तिथे पान फुकट मिळतं, मग घेणारा का नाही घेणार? अर्धा तास वाद झाला. शेवटी मुलांनीच ठरवले, की वावरापासून वीस पावलांच्या आत जे काही विनामोल मिळेल ते यादीत धरायचे. बागाईतदाराला विचारून पाने आणली. सगळ्याच तुकड्यांनी आणली. आणि पान ओले, गुळगुळीत असल्यामुळे निम्म्या फण्या बांधावर चढताना पानातून घसरून ढेकळांत पडल्या. ती मुलगी खाली बसून वहीत लिहीत होती. मी जवळ गेलो तर मान वर न करता म्हणाली, "थांबा सर, पान उन्हात किती वेळ ठेवलं की घसरत नाही ते बघते."